ॲल्बियन ऑनलाइन: कुऱ्हाड, विळा की टिकाव? माल गोळा करण्याच्या धंद्याचं गणित

ॲल्बियन ऑनलाइन हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ. त्यात गोळा करायच्या वस्तू पाच: लाकूड, दगड, खनिज, तंतू आणि कातडं. त्यातलं काय धरावं, याचं उत्तर नवे खेळाडू मार्केटच्या भावात शोधतात आणि तिथंच फसतात. हर्णैच्या लिलावात सुरमईला चढा भाव मिळाला म्हणून कुणी लगेच होडी काढत नाही. डिझेल किती, बर्फ किती, जाळ्यात खरोखर किती लागतं, हे आधी बघतो. इथंही मोजायचं ते एकच: एका तासात किती माल बँकेत पोचला आणि कर जाऊन हातात काय राहिलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट. पात्र बनवताना आशियाई सर्व्हर निवडा. तिन्ही सर्व्हरची जगं वेगळी आहेत आणि पात्र एकातून दुसऱ्यात नेता येत नाही. मालवण-देवगडकडून अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळलात तर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) इतका वाढतो की हल्लेखोर दिसेपर्यंत घोडा पडलेला असतो.

तासाची चाचणी अशी घ्या. टियर (मालाची पायरी) एकच ठेवा, समजा टी-४ म्हणजे चौथी, आणि हत्यारंही त्याच टियरची घ्या. शहराच्या दारातून बाहेर पडताना घड्याळ लावा आणि माल बँकेत टाकल्यावर थांबवा. परतीचा वेळ मोजला नाही तर आकडा फुगतो. हीच फेरी एकदा दुपारी, एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा पहाटे करा. रात्री गर्दीत अर्धी झाडं आधीच तोडलेली सापडतात, म्हणून एकाच फेरीवर निर्णय घेऊ नका. भाव लिहून घेताना सगळ्यात स्वस्त सेल ऑर्डरचा (ठरावीक भावाला विकायला लावलेल्या मालाचा) आकडा घेऊ नका, मार्केटमधल्या भावाच्या आलेखावरून गेल्या काही दिवसांची सरासरी घ्या.

आता पाचही वस्तूंचा स्वभाव. दगड मुख्यतः इमारतींना लागतो, हत्यारा-चिलखतांना नाही. म्हणून त्याची मागणी लहरी असते: मोठा गिल्ड (खेळाडूंचा संघ) काही बांधायला काढतो तेव्हा उचल होते, एरवी ढीग पडून राहतो. एकमेव धंदा म्हणून दगड धरू नका. लाकूड, खनिज आणि तंतू यांना रोजची मागणी आहे, कारण धोक्याच्या भागात मेलेल्या माणसाचा सगळा सरंजाम जातो आणि तो पुन्हा बनवावा लागतो. कातडं वेगळं. ते उभ्या झाडाला नसतं, जनावर मारून सोलावं लागतं. वरच्या टियरची जनावरं उलटून मारतात, त्यामुळे गोळा करायचे कपडे घालून गेलेला माणूस अडचणीत येतो. हातात बऱ्यापैकी हत्यार आणि ते चालवायची सवय असेल तरच कातड्याकडे वळा. ह्याच कटकटीमुळे तिथं स्पर्धा मात्र कमी भेटते.

कुठं तोडायचं आणि कुठं विकायचं, ह्यात खरी कमाई आहे. नकाशावरच्या प्रत्येक प्रदेशात पाचांपैकी तीनच वस्तू मिळतात. जंगलात लाकूड मुबलक, कातडं मध्यम आणि दगड थोडा. दलदलीत तंतू मुबलक, शिवाय लाकूड आणि कातडं. गवताळ माळावर कातडं, तंतू, खनिज. डोंगराळ पठारावर दगड, लाकूड, खनिज. बर्फाळ पर्वतात खनिज, तंतू, दगड.

आता शहरं बघा. फोर्ट स्टर्लिंग बर्फात आहे, तिथं लाकूड नाही, आणि लाकडाच्या फळ्या करायला जादा परतावा मिळतो तो तिथंच. जंगलातल्या लिमहर्स्टला तंतूंचा फायदा, ब्रिजवॉचला दगडाचा, मार्टलॉकला कातड्याचा, थेटफर्डला खनिजाचा. म्हणजे जी वस्तू शहराच्या परिसरात मिळत नाही, तिच्याच प्रक्रियेला ते शहर फायदा देतं. प्रत्येक शहराचं मार्केटही स्वतंत्र आहे. तोडलं त्याच शहरात विकणारा माणूस वाहतुकीचा पैसा दुसऱ्याला देत असतो.

कच्चा माल विकावा की प्रक्रिया करून, हा काजूबी आणि काजूगराचाच प्रश्न. टी-५ ची एक फळी करायला टी-५ चे ३ ओंडके आणि टी-४ ची १ फळी लागते. प्रक्रिया करताना वापरलेल्या मालाचा काही भाग परत मिळतो: वरच्या पाचांपैकी त्या वस्तूचा फायदा नसलेल्या शहरात १५.२ टक्के, फायद्याच्या शहरात ३६.७ टक्के, आणि तिथं फोकस (अशा कामांवर खर्चायचे गुण) खर्च केला तर ५३.९ टक्के. समजा ९०० ओंडके आणि टी-४ च्या ३०० फळ्या आहेत. परत मिळालेला माल पुन्हापुन्हा लावत गेलात, तर चुकीच्या शहरात साधारण ३५४ फळ्या निघतात, फोर्ट स्टर्लिंगला ४७४, आणि फोकससह ६५१. फोकस प्रीमियमवाल्यालाच (विकतची सदस्यता घेतलेल्यालाच) मिळतो, दिवसाला १०,०००, आणि ३०,००० वर साठा थांबतो. तीन दिवस वापरला नाही तर त्यापुढचा फोकस वाया जातो. प्रक्रिया केंद्राचा मालक फी लावतो. ती शेजारच्या केंद्राशी ताडून बघा, फरक मोठा असू शकतो.

कराचं गणित रुक्ष आहे, पण टाळू नका. विक्रीवर प्रीमियमवाल्याला ४ टक्के आणि बाकीच्यांना ८ टक्के कर लागतो. सेल ऑर्डर लावायला वर २.५ टक्के फी, आणि ऑर्डर रद्द केली तरी ती परत येत नाही. म्हणजे १,००,००० सिल्व्हरच्या (खेळातलं चलन) मालाचे ऑर्डर लावून प्रीमियमसह ९३,५०० आणि प्रीमियमशिवाय ८९,५०० हातात येतात. उभ्या खरेदीच्या ऑर्डरला माल लगेच दिला तर २.५ टक्के वाचतात. दोन्ही भावांत अडीच टक्क्यांहून कमी फरक असेल तर देऊन मोकळे व्हा. दर तासाला ऑर्डर काढून एक सिल्व्हर कमी करत बसणारे फीमध्येच बुडतात.

धोक्याचा भाग आता. नकाशावरचे प्रदेश धोक्यानुसार रंगांनी ओळखतात. निळ्या भागात दुसरा खेळाडू मारू शकत नाही. पिवळ्यात पाडू शकतो, पण माल जात नाही. लाल आणि काळ्या भागात मेलात तर काही वस्तू नष्ट होतात आणि उरलेल्या मारणारा नेतो. टी-८ हवा असेल तर निळ्या-पिवळ्यात तो दिसणार नाही, पुढं उतरावंच लागतं. उतरताना नियम एकच: अंगावरचं सगळं गेलं तरी दोन फेऱ्यांत भरून निघेल एवढंच घाला. माउंट (बसायचं जनावर) झाडाला खेटून उभा करा, वीस पावलांवर सोडू नका. वजन १०० टक्क्यांच्या वर गेलं की वेग घसरतो आणि पाठलागात तोच घात करतो. म्हणून ७० टक्क्यांना परत फिरा. बैलावर ओझं खूप मावतं, पण तो मंद. त्याला सुरक्षित रस्त्यांपुरताच ठेवा.

कोकणात याला पावसाची भर पडते. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरची रेंजही मान टाकते. कनेक्शन तुटलं तरी पात्र लगेच नाहीसं होत नाही, काही वेळ तिथंच उभं असतं. आभाळ गडगडायला लागलं की काळ्या भागातून बाहेर या. त्या दिवसांत निळ्या-पिवळ्यात टी-४ तोडणं आणि प्रक्रिया करणं हेच शहाणपणाचं. राउटरला छोटा यूपीएस असला तरी फोनचा डेटा चालू ठेवा, म्हणजे एक तुटलं तर दुसरं जोडता येतं.

ॲल्बियनमध्ये मासेमारीही आहे. आपल्याकडच्या पोरांचा ओढा तिकडे आपसूकच जातो, पण मासा खेचताना तरंगता गळ पट्टीच्या आत धरावा लागतो आणि अडखळणाऱ्या नेटवर तो सुटतो. कापलेल्या माशाला स्वयंपाकवाल्यांकडून उठाव असतो. नेट स्थिर असेल तेव्हाचा हा जोडधंदा समजा.

शेवटी मजुरांच्या वह्या. रिकामी वही पिशवीत असेल तर माल तोडता तोडता ती आपोआप भरते. भरलेली वही विका, किंवा तुमच्या खासगी बेटावरच्या मजुराला द्या. तो २२ तासांनी माल आणून देतो. लाकूडतोड्याची वही लाकडालाच चालते, खनिजाला नाही, आणि तोडता त्याच टियरच्या वह्या घ्या. भरलेल्या वह्यांनाही वजन असतं, आणि लाल भागात मेलात तर त्याही जातात. निळ्या भागातून निघताना भरलेल्या वह्या आधी बँकेत ठेवा.