चलनदरांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये घेताना

मेटाट्रेडर ४ या चलन-व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-२ दाबलं की हिस्टरी सेंटर उघडतं. तिथे युरो-डॉलरची जोडी आणि टाइमफ्रेम (एक नोंद किती वेळाची हवी ते) निवडून एक्सपोर्ट केलं की सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची फाइल हातात येते. यासाठी डेमो, म्हणजे खरे पैसे न लागणारं सरावाचं खातं पुरतं. कुणी पैसे भरायला सांगितलं, तर आधी रिझर्व्ह बँकेची अनधिकृत फॉरेक्स (परकीय चलन) प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट बघा.

नवीन मुलं फाइलवर थेट डबल-क्लिक करतात. कृपया करू नका. तारीख २०२४.०१.१५ अशी टिंबं देऊन आलेली असते आणि आपल्याकडच्या सेटिंगमध्ये एक्सेल तिला बहुधा नुसता मजकूर समजतं. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख कॉलमच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डावीकडे. फाइल तशी उघडलीच असेल तर उपायही सोपा. फक्त तोच कॉलम निवडा, डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि तिसऱ्या पायरीवर डेट, वायएमडी (वर्ष-महिना-दिवस) निवडा. फाइंड-रिप्लेसने टिंबं काढायच्या फंदात पडू नका. सगळी शीट निवडलेली असेल तर भावांमधली दशांश चिन्हंही जातात.

या फाइलला शीर्षकं नसतात. पहिली ओळ हीच पहिली कॅन्डल (निवडलेल्या टाइमफ्रेमएवढ्या वेळातल्या भावांची नोंद), म्हणून तिला हेडर बनवू नका. वर रिकामी ओळ घालून तारीख, वेळ, ओपन (सुरुवातीचा भाव), हाय (सर्वोच्च), लो (नीचांकी), क्लोज (शेवटचा), व्हॉल्यूम ही नावं स्वतः टाका. हा व्हॉल्यूम म्हणजे किती वेळा भाव हलला ते, उलाढाल नव्हे. मग चार भावांत हाय सर्वांत मोठा आणि लो सर्वांत लहान आहे का, हे प्रत्येक ओळीला तपासणारं सूत्र लावा. कॉलम सरकला असेल तर इथेच कळतं.

एक मिनिटाचा डेटा वर्षाला पावणेचार लाख ओळींच्या आसपास जातो. शीटची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची, म्हणजे पूर्ण तीन वर्षं मावत नाहीत.

वेळेकडे मात्र नीट लक्ष द्या. ती ब्रोकरच्या सर्व्हरची असते. चलनबाजाराचा आठवडा न्यूयॉर्कच्या रविवारी संध्याकाळी पाचला सुरू होतो, म्हणून आठवड्याची पहिली कॅन्डल सोमवारी ००:०० ला दिसली, तर सर्व्हर न्यूयॉर्कच्या सात तास पुढे आहे. अशा सर्व्हरवरून भारतीय वेळेसाठी हिवाळ्यात साडेतीन तास मिळवा, अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना अडीच. एक्सेलमध्ये दिवस म्हणजे १, म्हणून तासांना २४ ने भागून मिळवायचं. हा फरक मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतो, त्यामुळे वर्षभराच्या फाइलला एकच आकडा लावून चालत नाही.