मोबाइल गेम बनवताय? पाणी डोक्यावरून जाण्याआधी या चुका टाळा

माझ्या गेममध्ये गंगेला पूर येतो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला लागतं, मग कमरेला, मग गळ्याला. आणि तेवढ्या वेळात सराफ बाजारातल्या दुकानदाराचा माल वरच्या मजल्यावर न्यायचा. ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिल्यापासून हा गेम डोक्यात होता. माझ्या फोनवर पाणी मारुतीच्या गळ्यापर्यंत यायला ९० सेकंद लागायचे. मग पंचवटीतल्या मामेभावाने त्याच्या नव्या फोनवर खेळून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अगं माल उचलायच्या आधीच सगळं बुडतंय." त्याच्याकडे ४५ सेकंदांत पूर येत होता.

कारण साधं होतं. पाण्याची पातळी मी दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र उमटेल तेव्हा प्रत्येक वेळी, ठरावीक अंतराने वाढवली होती. माझा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा, त्याचा १२० वेळा. म्हणून पाणीही दुप्पट वेगाने चढलं. हालचाल, टायमर, वेग, जे जे वेळेनुसार बदलतं त्याला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं. एका ओळीचा बदल. तरी तो सुचायला दोन आठवडे गेले, कारण आठ महिने गेम फक्त माझ्याच फोनवर चालला होता. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे: गेम दुसऱ्याच्या हातात उशिरा जातो.

गेम घेऊन घरातल्या सगळ्यात जुन्या फोनकडे आधी जा. उघडताच काळा स्क्रीन आला तर पहिला संशय रेंडररवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागावर, घ्या. गोडो या इंजिनमध्ये, म्हणजे मी गेम बनवला त्या सॉफ्टवेअरमध्ये, 'मोबाइल' रेंडरर व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीवर चालतो आणि जुन्या फोनमधले व्हल्कनचे ड्रायव्हर कच्चे असू शकतात. साध्या द्विमितीय गेमला 'कम्पॅटिबिलिटी' हा दुसरा रेंडरर पुरतो. गेम थोडा वेळ चालून आपोआप बंद होत असेल तर चित्रं मोजा. पीएनजी फाइल ३०० केबीची दिसते, पण २०४८ बाय २०४८ चं चित्र उलगडल्यावर मेमरीत १६ एमबी जागा घेतं. घाट, वाडे, मंदिरं, ढग अशी दहा चित्रं म्हणजे १६० एमबी. तेच ईटीसी२ पद्धतीने कम्प्रेस केलं तर प्रत्येकी ४ एमबीवर येतं. बारीक रेषांच्या चित्रांत थोडा डाग दिसतो. तिथे चित्राचा आकारच कमी करावा, असं माझं मत.

आणि फोन येतो, हे विसरू नका. खेळताना कॉल आला, बोलणं लांबलं, की अँड्रॉइड मागे गेलेला गेम बंद करून टाकू शकतो. सेव्ह 'बाहेर पडा' बटणावर ठेवलं असेल तर सगळं गेलं. गेम मागे जाण्याची सूचना येते त्याच क्षणी सेव्ह करा.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण इथे आपली माणसं हताश होऊन इंग्रजीकडे वळताना मी पाहिली आहेत. माझा पहिला नमुना युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये होता. तिथल्या अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये 'नाशिक' लिहिलं तर श ची पहिली वेलांटी श च्या पुढे जाऊन बसली, आणि 'त्र्यंबक'चे तुकडे झाले. दोष फॉन्टचा नव्हता. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, ती जुळवावी लागतात, आणि ती जुळवणी टेक्स्टमेश प्रो करत नाही. मी तीन फॉन्ट बदलण्यात वेळ घालवला, तुम्ही घालवू नका. गोडो ३ मध्येही हीच अडचण होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ही जुळवणी आहे. म्हणून मी तिकडे गेले आणि मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट गेमसोबतच दिला. युनिटी सोडायची नसेल आणि शब्द मोजकेच असतील, तर ते चित्र म्हणून घाला. पण इंजिन ठरवण्याआधी पहिल्याच दिवशी 'क्षत्रिय', 'र्‍हास', 'किर्र' असे शब्द स्क्रीनवर आणून बघा. मराठी गेममध्ये मराठी नीट दिसलंच पाहिजे.

प्ले कन्सोलचं, म्हणजे प्ले स्टोअरवर गेम टाकायचं, खातं शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. एकदाच २५ डॉलर भरायचे असतात. पैसे जात नसतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते पाहा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. खरी अडचण पुढे येते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर थेट प्रकाशन करता येत नाही. आधी बंद चाचणी, म्हणजे बोलावलेल्या लोकांपुरती: किमान १२ जण, सलग १४ दिवस. ही संख्या आधी २० होती.

मी बरोबर १२ जण जमवले होते. नवव्या दिवशी गंगापूर रोडच्या एका मैत्रिणीने फोन बदलताना चाचणीतून नाव काढलं आणि १४ दिवसांची सलगता मोडली. म्हणून १८-२० जण घ्या. 'अ‍ॅप सापडत नाही' अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा यादीत एक जीमेल असतो आणि प्ले स्टोअरवर दुसरा चालू असतो. नाहीतर दुव्यावर जाऊन 'सहभागी व्हा' दाबायचं राहिलेलं असतं. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. १४ दिवसांनंतर गूगल विचारतं: टेस्टर कसे मिळवले, ते काय म्हणाले, त्यावरून तुम्ही काय बदललं? खरी माणसं खेळली असतील तर उत्तरं तुमच्या वहीत असतात. माझ्या आत्याने सांगितलं होतं की पोती आणि पेट्या सारख्याच रंगाच्या दिसतात. ते मी लिहून ठेवलं आणि रंग बदलले.

काही गोष्टी एकदा केल्या की परत फिरवता येत नाहीत. पॅकेजचं नाव, म्हणजे प्ले स्टोअरमधली गेमची ओळख, प्रकाशनानंतर बदलत नाही, म्हणून इंजिनने दिलेलं नमुन्याचं नाव तसंच सोडू नका. मोफत ठेवलेला गेम पुढे विकत करता येत नाही. अपलोडची की, म्हणजे फाइल तुमचीच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली, आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपा. प्लेची साइनिंग सेवा (गेमच्या सहीची मुख्य किल्ली गूगलकडे ठेवणारी) असेल तर हरवलेली अपलोड की बदलून मिळते, पण अर्ज करून थांबावं लागतं. वयोगटात 'सगळेच' निवडाल तर १३ वर्षांखालच्या मुलांसाठीचे कडक नियम लागू होतात.

जाहिराती लावल्या असतील तर तपासताना चाचणीच्याच जाहिराती वापरा. स्वतःच्या खऱ्या जाहिरातींवर बोट लावलं, घरच्यांना लावायला सांगितलं, तर खातं बंद होऊ शकतं. डेटा सेफ्टीच्या अर्जात 'आम्ही काहीच गोळा करत नाही' असंही लिहू नका. जाहिरातींचं एसडीके, म्हणजे गेममध्ये जोडलेला तयार कोड, जाहिरात-ओळख क्रमांक घेतं, ते सांगावं लागतं.

प्रकाशनाच्या दिवशी चूक सापडली तर ज्यांच्या फोनवर ती आवृत्ती पोचली त्यांना जुन्या आवृत्तीवर परत नेता येत नाही. वाढीव व्हर्जन कोडचं (आवृत्तीच्या क्रमांकाचं) नवं बिल्ड, म्हणजे गेमची तयार फाइलच, चढवावं लागतं. टप्प्याटप्प्याने, आधी थोड्याच लोकांना, सोडण्याची सोय पहिल्या आवृत्तीला नसते, नंतरच्या अपडेटना असते. ती जरूर वापरा.

मग रोज सकाळी क्रॅशचा तक्ता उघडा. दिवसाच्या खेळणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना क्रॅश दिसू लागला तर प्ले स्टोअर गेम कमी जणांना दाखवू शकतं. त्यात एकाच मॉडेलचं नाव पुन्हापुन्हा दिसलं तर तो फोन कोणाकडे आहे ते शोधा. मला तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे मिळाला. त्यांची परवानगी घेऊन केबल लावली, लॉग म्हणजे फोनमधली नोंद वाचली. प्रत्येक पातळी संपल्यावर आधीचा घाट मेमरीतून काढायचा राहून गेला होता. दुरुस्त केलेलं बिल्ड त्यांच्याच फोनवर घातलं, आणि काकांनी सातव्या पातळीवर दुकानातली शेवटची पेटी माडीवर नेली.