मेंदूच्या दुखापतीनंतर घरी परतल्यावर

टाके सुकतात, डोक्यावर केस पुन्हा येतात आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता अगदी पहिल्यासारखा दिसतोस’ असे म्हणू लागतो. रुग्णाची खरी अडचण बहुधा तिथूनच सुरू होते, कारण थकवा, विसर आणि चिडचिड यांच्यावर बँडेज बांधलेले नसते.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू निरोगी माणसातही एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो; दुखापतीनंतर तर टीव्ही चालू असताना कोणाचे बोलणे समजून घेणेही कष्टाचे होते. म्हणून दिवसाची आखणी थकव्याकडे पाहूनच करावी. हिशेबाचे किंवा वाचनाचे काम सकाळी उरकावे आणि अगदी गळून जाण्याआधीच, शांत खोलीत थोडा वेळ पडावे. याला आळस म्हणणाऱ्या नातेवाइकांना घरच्यांनीच समजावून सांगावे.

स्मरणासाठी एकच वही ठेवावी, तिची जागाही ठरलेली असावी. ‘जरा आठवून बघ’ अशी परीक्षा घेऊ नये, कारण अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच पुष्कळदा मनात पक्के बसते. चहाचेच पाहा. आधण ठेवणे जमते, पण दूध आणायला फ्रिजपर्यंत गेलेला माणूस तिथेच आधण विसरतो. त्यासाठी दूध, साखर, चहापत्ती, गाळणी आणि कप ओट्यावर मांडल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही, असा क्रम ठळक अक्षरांत लिहून समोर चिकटवावा. ‘गॅस बंद केला’ ही ओळही त्यात हवीच. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे राहून, चूक होण्याआधीच पुढची पायरी सांगावी.

मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला असेल, तर राग पटकन भडकतो किंवा कशातच पुढाकार घेतला जात नाही. अशा वेळी वाद न घालता विषय बदलावा, आवाज कमी करावा.

फिटची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, दारू टाळावी आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाहन चालवू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी किंवा हातापायात नव्याने आलेली कमजोरी दिसल्यास, अपघाताला कित्येक आठवडे उलटून गेले असले तरी, तातडीने रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर सकाळची वाटही पाहू नये.