माळ्यावरचं अर्धवट कार मॉडेल पूर्ण कसं करायचं

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अर्धवट राहिलेल्या कार मॉडेलचा खोका निघाला, तर तो परत वर चढवू नका. नागपुरात मॉडेलला रंग द्यायचा खरा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो, त्यामुळे खोका अगदी वेळेवर निघालाय. इथे १/२४ किंवा १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं किट धरलं आहे, म्हणजे बॉडी, इंजिन, सीट, चाकं सगळं सुटं येतं आणि आपणच रंगवून चिकटवायचं असतं.

लगेच ब्रश हातात घेऊ नका. काम नेमकं कुठे अडलं होतं ते आधी शोधा. बॉनेटवर रंगाचे ओघळ आले असतील, समोरच्या काचेवर सुपरग्लूची पांढरी वाफ बसली असेल किंवा आरसा हरवला असेल. जे बिघडलंय तेच आधी दुरुस्त करा. ते शेवटासाठी ठेवलं तर मॉडेल पुन्हा तिथेच अडतं.

मोजदाद आणि टायरची तपासणी

सगळे भाग एका परातीत काढा आणि सूचनापत्रकावर एकेकाला टिक करत जा. पत्रक हरवलं असेल तर खोक्यावरचा किट नंबर इंटरनेटवर टाकून बघा, बऱ्याच किटची पत्रकं सापडतात. बारीक भाग झाकणाच्या डब्यांत वेगवेगळे ठेवा.

आता टायर बघा. जुन्या किटमधले मऊ टायर बहुधा व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतं. टायर ज्या प्लॅस्टिकला टेकून पडला असेल ते प्लॅस्टिक या द्रव्याने विरघळतं. काचेवर टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला दिसला, तर कारण हेच. ठसा उथळ असेल तर १०००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा आणि शेवटी गाडीच्या रबिंग कंपाउंडने मऊ कापडावर चोळा. काच पुन्हा आरपार दिसू लागते. सुपरग्लूच्या डागालाही हाच उपाय. यापुढे टायर वेगळ्या पिशवीतच ठेवा. चाकावर चढवताना रिमभोवती ॲल्युमिनियमच्या टेपची बारीक पट्टी गुंडाळली, तर रिमही वाचते.

बॉडीवर वजन पडून ती उन्हाळ्यात वाकली असेल, तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि तशीच थंड पाण्यात बुडवा.

जुना रंग काढणं

ॲक्रिलिक रंग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुटतो. डबीतला इनॅमल मात्र चिवट असतो. त्याला ऑटो पार्ट्सच्या दुकानातलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल चालतं. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि रंगाला काहीच करत नाही. आधी स्प्रूचा, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचा, एक तुकडा बुडवून बघा. प्लॅस्टिक मऊ पडलं नाही तर झाकणाच्या डब्यात बॉडी रात्रभर ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे आणि चष्मा हवाच. काचा आणि क्रोमचे भाग यात टाकू नका. वापरलेलं ऑइल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. एनसी थिनरचा, म्हणजे लॅकर रंग पातळ करायच्या थिनरचा, मोह टाळा, ते प्लॅस्टिकच खातं.

नंतर सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा. चुकीचा सांधा सुपरग्लूचा असेल तर दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवून हलकेच पिळा, बहुधा उकलतो. मॉडेल सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या खास गोंदाने, जोडलेले भाग एकमेकांत वितळून एकच झालेले असतात. तिथे बारीक करवतच लागते.

हरवलेले भाग

सीडीची जुनी पारदर्शक डबी फेकू नका. ती पॉलिस्टायरीनची असते, म्हणजे किटच्याच प्लॅस्टिकची, आणि मॉडेल सिमेंटने पक्की बसते. त्यातून हेडलाइटची काच किंवा छोटी खिडकी कापता येते. ॲंटेनासाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता फिरवा आणि मऊ पडला की हळू ओढा, केसासारखा बारीक तार निघतो. सायलेन्सरच्या नळीला रिकामी रिफिल पुरते.

रंग

नागपूरचं हवामान इथे खरी परीक्षा घेतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मारलेला स्प्रे बॉडीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकरवर दुधाळ झाक येते. कूलर सुरू असलेल्या खोलीत तर कधीच रंगवू नका, कारण एकाच वेळी ओलावाही येतो आणि धूळही. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा गारवा ओसरल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान, खिडकी उघडी ठेवून आणि मास्क लावून काम करा. स्प्रेचा डबा गार असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गॅसजवळ अजिबात नको.

आधी फरशी ओल्या पोछ्याने पुसून घ्या. मग प्रायमर द्या आणि तो वाळला की १००० नंबरचा वॉटर पेपर हलका फिरवा. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे आधी स्प्रूवर मारून बघा, काही स्प्रे प्लॅस्टिक ओरबाडतात. रंगाचा पहिला हात इतका पातळ द्या की खालचा प्रायमर दिसत राहील. ओघळ येतात ते पहिल्याच हातात सगळं झाकायच्या घाईने. इनॅमल दिला असेल तर आठवडाभर त्याला हात लावू नका.

डिकल आणि जोडणी

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून बॉडीवर सरकवायची नक्षी-आकड्यांची चित्रं. पिवळे पडलेले डिकल पारदर्शक पिशवीत बंद करा आणि छापील बाजू बाहेर ठेवून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. हिवाळ्याच्या उन्हात काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. मग एक बिनकामाचं डिकल कोमट पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर पूर्ण शीटवर ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, पातळ हात द्या आणि दिवसभर वाळू द्या. त्यानंतर प्रत्येक डिकल कडेलगत कापावं लागेल, कारण क्लिअरने सगळी शीट एकसंध झालेली असते.

जोडणी आतून बाहेर करत जा: इंजिन, सीट, डॅशबोर्ड, मग बॉडी. काचा सुपरग्लूने नको, पांढऱ्या फेविकॉलने बसवा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. चाकं लावताना गाडी आरशावर उभी करा. एखादं चाक अधांतरी असेल तर आरशात फट लगेच दिसते, आणि सिमेंट ओलं आहे तोवर ॲक्सल दाबून सरळ करता येतो.