आर्मी रिझर्व्हचा डिस्चार्ज सुधारून घेताना

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये वर्षभरात ९ विनापरवानगी गैरहजेऱ्या भरल्या की डिस्चार्जवर, म्हणजे सेवामुक्तीवर, ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नव्हे) असा शेरा लागू शकतो. एका ड्रिल-वीकेंडच्या (सरावाच्या शनिवार-रविवारच्या) सहसा ४ गैरहजेऱ्या मोजतात. तिसऱ्या वीकेंडलाच आकडा ओलांडतो.

शेरा सुधारायचा तर आधी एसएफ १८० (लष्करी नोंदी मागवायचा अर्ज) भरून तुमची फाइल मागवा. गैरहजेरीची नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, पोच आहे का, हे बघा. खरा दोष बहुतेकदा इथेच सापडतो. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल, तर पत्ता बदलल्याचा भाडेकरार जोडा.

डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आत डीडी २९३ (डिस्चार्जच्या फेरतपासणीचा अर्ज) भरा, त्यानंतर डीडी १४९ (लष्करी नोंद दुरुस्तीचा अर्ज). पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) असेल तर नुसतं निदान पुरत नाही. गैरहजेरीशी त्याचा संबंध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि डीडी २९३ भरताना आधी कागदोपत्री फेरतपासणीच मागा. तीत अर्ज फेटाळला तरी नंतर समोरासमोर सुनावणी मागता येते; पण आधी सुनावणी घेतली, तर नंतर कागदोपत्री फेरतपासणी मागता येत नाही.