ऑनलाइन फसवणूक झाल्यावर या चुका टाळा

ओटीपी कोणाला सांगू नये आणि पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे आता सोलापुरात चादरीच्या दुकानापासून विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही माणसे फसतात, आणि माझ्या मते नुकसान वाढते ते फसल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होणाऱ्या चुकांमुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गप्प बसणे. माझ्या परिचयाच्या एका चादर व्यापाऱ्याने खात्यातून रक्कम गेल्याचे कळल्यावर, घरची माणसे बोल लावतील या धास्तीने दोन दिवस ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून झपाट्याने फिरवून शेवटी रोखीने काढले जातात. म्हणून रक्कम वाटेत असतानाच अडवावी लागते आणि त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन करताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

बँकेला कळवण्यात चालढकल करणे ही दुसरी चूक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या तत्त्वानुसार, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. आपणच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. मात्र कळवल्यानंतर पुढे जाणारी रक्कम बँकेची जबाबदारी ठरते. त्यामुळे स्वतःची चूक असली तरी ताबडतोब कळवावे आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. बँकेचा क्रमांक मात्र इंटरनेटवर शोधू नये, कारण तेथे भामट्यांनीच पेरलेले क्रमांक सापडतात. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर पाहावा.

सोलापूर शहराचे पोलिस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलिस दल वेगळे असल्याने, बार्शी किंवा पंढरपूरचा माणूस कामासाठी शहरात असताना फसला, तर हद्दीच्या विचारातच त्याचा दिवस जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, देता येते.

लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडली गेली असेल, तर अनेक जण घाबरून सगळे संदेश पुसतात आणि फोन रीसेट करतात. यामुळे पुरावाच नष्ट होतो. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि आलेला संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक यांची छायाचित्रे काढावीत. आपले कॉल दुसरीकडे वळवलेले असण्याची शक्यता असते, त्यामुळे फॉरवर्डिंगची सेटिंगही तपासावी.

पोलिस किंवा अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला ‘डिजिटल अटक’ केल्याचे भामटे सांगतात, पण असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. असा व्हिडिओ कॉल आल्यास तो तोडावा आणि घरच्यांना सांगावे. बुडालेले पैसे शुल्क घेऊन परत मिळवून देतो म्हणणाराही बहुधा त्याच टोळीचा असतो.

व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनोळखी ग्राहकाने फसवणुकीच्या पैशातून चादरी घेतल्या, तर तपासादरम्यान आपल्या खात्यातील तेवढी रक्कम, कधी संपूर्ण खातेही, रोखले जाऊ शकते. अशा वेळी बिल आणि माल पाठवल्याची पावती यांसह बँकेकडे व तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो, आणि ज्याने त्या दिवशी बिलच फाडलेले नसते, त्याच्याजवळ दाखवायला काही उरत नाही.