उतरत्या पाण्यातला मासा: गोसीखुर्दच्या फुगवट्यावर गळ कसा टाकावा

पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणामुळे वैनगंगेचे पाणी भंडाऱ्याच्या दिशेने दूरवर मागे पसरलेले आहे. या फुगवट्यात गळ टाकण्यासाठी फाल्गुन आणि चैत्र हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. पावसाळ्यानंतर पाणी शिवारात शिरलेले असते, तेव्हा मासा विखुरलेला राहतो. पुढे सिंचनाला पाणी सुटू लागले आणि ऊन तापू लागले की पाणी उतरते आणि मासा जुन्या नाल्यांच्या वाटेने खोलगट जागांकडे सरकतो.  

गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा मासेमारीचा हक्क कोणत्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे, हे काठावरच्या ढिवर बांधवांना विचारून परवानगी घ्यावी आणि त्यांच्या जाळ्यांपासून दूर बसावे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत तर पाऊलही टाकू नये.

जागा निवडणे हे या मासेमारीतले खरे काम आहे. आल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काडी रोवावी आणि तासाभराने पाहावे. कडा काडीपासून मागे सरकून ओल्या गाळाची पट्टी उघडी पडली असेल, तर उथळ खाडी सोडून जुना नाला मुख्य पात्राला मिळतो त्या तोंडावर जावे. पाणी स्थिर असेल, तर बुडालेल्या बाभळींच्या खोडांजवळ बसावे. नाल्याची वाट ओळखण्यासाठी काठावरील उतार पाहावा, कारण जमिनीवरची घळ पाण्याखालीही तशीच पुढे गेलेली असते. उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली गुडघाभर चिखल असू शकतो, म्हणून बांबूच्या काठीने चाचपूनच पुढे जावे. गाळपेरीची म्हणजे उघड्या गाळावर पेरलेली शेते आणि डांगरवाड्या म्हणजे काठावरच्या खरबुजांच्या वाड्या तुडवू नयेत, हे सांगावे लागू नये, पण लागते.

मरळ हा या दिवसांतला माझा आवडता मासा आहे. त्याला हवेतून श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे तो जलपर्णीच्या कडेला अधूनमधून वर येतो, पाण्यावर एक वर्तुळ उमटते आणि तो पुन्हा खाली जातो. त्या वर्तुळावरच गळ फेकला तर तो बिचकतो. आमिष म्हणून गळाला लावलेला रबरी बेडूक हातभर पुढे, वनस्पतींच्या पानांवर टाकावा आणि थांबतथांबत उघड्या पाण्यात ओढून आणावा. झडप पडताच झटका देऊ नये. दोर ताणला गेल्याचे हाताला जाणवेपर्यंत क्षणभर थांबावे, नाहीतर बेडूक रिकामाच परत येतो. मरळ जलपर्णीत शिरला की सुटका कठीण, म्हणून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, जाड असावा.

रोहू आणि मृगळ यांच्यासाठी कणकेत सरकीची ढेप मिसळून घट्ट गोळा करावा आणि आमिष तळाला टेकेल इतका दोर सोडावा. तरंगण्यासाठी धांड्याची, म्हणजे ज्वारीच्या ताटाची, वाळलेली कांडी पुरते. रोहू आमिष चोखतो, त्यामुळे कांडी आधी नुसती थरथरते. ती तिरपी होऊन सरकू लागली की मगच ओढावे. कतला वरच्या थरात चरत असल्याने त्याच्यासाठी आमिष तळापासून वर ठेवावे.

शिंगाळा अंधार पडताना तळाशी हालचाल करतो. त्याला झिंगा किंवा गांडूळ लावावे. त्याच्या परांतील काटा हाताला खोल जखम करतो, म्हणून मासा ओल्या पोत्यात धरूनच गळ काढावा.

उन्हामुळे सकाळी नऊनंतर बसण्यात फारसा अर्थ नसतो. पहाट आणि सायंकाळ पुरेशी आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून आंभोऱ्याच्या संगमाद्वारे या जलाशयात येते, त्यामुळे खाण्यासाठीचा मासा मी संगमाच्या वरच्या बाजूला, वैनगंगेच्या पात्रातच धरतो. मिळालेला मासा लगेच आतडी काढून ओल्या तरटात गुंडाळावा आणि सावलीत ठेवावा, कारण चैत्रातल्या उष्णतेत तो फार लवकर खराब होतो.